मर्जी, नियम आणि टार्गेट

दादाच्या नातीने बँकेतली नोकरी सोडली, ही बातमी एव्हाना अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर इथल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचली आहे. महिन्याभरात मला सात-आठ फोन तरी आले. सूर सगळ्यांचा एकच. "अहो, बँकेची नोकरी कोणी सोडतं का?" एका वहिनींनी तर "मुलीचं काही बिनसलं आहे का, विचारून बघा" असंही सुचवलं. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं, म्हणून हा लेख.

मी स्वतः बँकेत कधीच नव्हते. अंबरनाथच्या एका शाळेत मी तीस-बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. पण आमच्या घरातल्या तीन माणसांनी बँकेत नोकरी केली. आधी काका, मग माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि आता दादाची नात. तिघांच्या नोकऱ्या मी जवळून पाहिल्या. तिघंही "मी बँकेत आहे" असंच म्हणत. पण त्या तीन बँका म्हणजे तीन वेगळी जगं होती. हा फरक लक्षात घेतला नाही, तर मुलीने असं का केलं ते कळणार नाही. तेव्हा थोडं मागे जाऊ या.

आमचे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. काका मुंबईला फोर्टमधल्या एका लहानशा खासगी बँकेत १९४५ च्या सुमारास लागले. त्या काळी अंबरनाथ म्हणजे शिवमंदिर, काडेपेटीचा कारखाना, फॅक्टरीचा भोंगा आणि बाकी सगळी शेतं. पलीकडे कल्याणच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. त्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं. काका त्या सगळ्या काळात रोज गाडीने मुंबईला जात-येत.

काकांच्या बँकेत पगाराची ठरलेली श्रेणी नव्हती. वर्षाची वाढ मिळाली तर मिळाली. ती किती, कोणाला आणि का, हे मालकांच्या मनात. सकाळी यायची वेळ ठरलेली होती, जायची नव्हती. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर तो जुळेपर्यंत बसायचं, मग शेवटची गाडी गेली तरी चालेल. कॅशियरला नोकरीला लागतानाच जामीन द्यावा लागे. मॅनेजरच्या घरचं लग्न असलं की बँकेतली माणसं पानं वाढायला जात. "जात" म्हणजे त्यांना जावं लागे. काकांच्या एका सोबत्याला एका सोमवारी सकाळी दारातच सांगितलं की उद्यापासून येऊ नका. कारण विचारायची सोयच नव्हती, कारण विचारायचं कोणाला?

काका या सगळ्याला एकच शब्द वापरत. 'मर्जी'. "साहेबाची मर्जी सांभाळली की नोकरी सांभाळली," असं ते म्हणायचे.

एकट्या काकांच्याच नशिबी हे आलं होतं असं नाही. म्हणूनच २० एप्रिल १९४६ रोजी कलकत्त्यात ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन स्थापन झाली. पुढची वीस वर्षं बँकेतल्या कारकुनांनी जो झगडा दिला, तो आपल्या शालेय इतिहासाच्या पुस्तकात कुठेच नाही. मीही तो वर्गात कधी शिकवला नाही, कारण तो अभ्यासक्रमात नव्हता. पण गोष्ट मोठी नाट्यमय आहे.

सरकारने १९४९ साली न्यायमूर्ती सेन यांचं लवाद न्यायमंडळ नेमलं. त्यांचा निवाडा १९५० साली आला, आणि पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने तो तांत्रिक कारणावरून रद्द ठरवला. मग शास्त्री न्यायमंडळ आलं, त्यांचा निवाडा १९५३ चा. त्यावर अपील झालं. अपिलात कर्मचाऱ्यांना जे मिळालं, त्यातलं काही सरकारने १९५४ च्या ऑगस्टमध्ये स्वतःच्या अधिकारात कापलं. त्या वेळी अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख आणि कामगारमंत्री होते व्ही. व्ही. गिरी. गिरींना ही काटछाट पटली नाही आणि त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बँकेतल्या कारकुनांच्या पगारावरून केंद्रातला मंत्री राजीनामा देतो, ही आज कल्पना तरी करवेल का?

मग सरकारला आयोग नेमावा लागला. त्या बँक निवाडा आयोगाचं काम पूर्ण केलं ते आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांनी. तेच पुढे १९६४ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या शिफारशींवर १९५५ साली संसदेत कायदा झाला. त्यानंतर १९६२ साली देसाई निवाडा आला. आणि अखेर १९ ऑक्टोबर १९६६ रोजी बँका आणि संघटना यांनी कोर्टाबाहेर समोरासमोर बसून पहिला द्विपक्षीय करार केला. तेव्हापासून बँकांचे पगार ठराविक वर्षांनी असेच करार करून ठरत आले. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी झाला.

आता एवढी सनावळी वाचून तुम्ही कंटाळला असाल. पण या निवाड्यांतून नेमकं काय मिळालं ते बघा. पगाराची छापील श्रेणी मिळाली. कारकुनाला कामाचे तास मिळाले, रोजचे साडेसहा आणि शनिवारी चार. रजा किती आणि कोणती ते ठरलं. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शास्त्री निवाड्यातला परिच्छेद ५२१. दादाला तो आकडा अजून तोंडपाठ आहे. कर्मचाऱ्यावर कारवाई करायची असेल तर आधी लेखी आरोपपत्र द्या, चौकशी करा, त्याला बाजू मांडू द्या, हवं तर युनियनचा माणूस त्याच्याबरोबर बसू द्या, आणि शिक्षा झालीच तर अपिलाची सोय ठेवा, अशी ती तरतूद. म्हणजे "उद्यापासून येऊ नका" हे वाक्य दारात उभं राहून म्हणायची सोय बंद झाली.

काकांना याचा फायदा फार मिळाला नाही. त्यांची बँक लहान होती, आणि लहान बँका त्या काळात बुडत किंवा दुसऱ्या बँकांत विलीन होत. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्याकडची अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा देशभर घबराट झाली. त्यातूनच १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला, तेव्हा तो माणशी फक्त दीड हजार रुपयांचा होता. ठेवीदारांचं काय झालं ते निदान लिहिलं गेलं. त्या बँकांतल्या कारकुनांचं काय झालं, ते कोण लिहिणार?

दादा १९६७ साली बँकेत लागला. काकांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "तिथे युनियन आहे ना?" पगार किती ते त्यांनी नंतर विचारलं.

दोन वर्षांत, १९ जुलै १९६९ च्या शनिवारी, इंदिरा गांधींनी रेडिओवरून चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. ज्यांच्या ठेवी पन्नास कोटींच्या वर होत्या त्या या बँका. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली आपली बँक ऑफ महाराष्ट्रही त्यात होती. दादाची बँकही त्या चौदांतलीच. गंमत बघा, त्या वटहुकमावर सही होती हंगामी राष्ट्रपतींची, आणि ते होते व्ही. व्ही. गिरी! पंधरा वर्षांपूर्वी बँक कर्मचाऱ्यांसाठी मंत्रिपद सोडलेले तेच. पुढच्या सोमवारी आपल्या वेळेप्रमाणे सकाळी साडेआठच्या सुमारास आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं. दादा म्हणतो, त्या दिवशी गाडीत अर्धे लोक चंद्रावर बोलत होते आणि अर्धे बँकांवर.

राष्ट्रीयीकरणाच्या वेळी देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. एवढ्या शाखांना माणसं लागली, आणि ती माणसं आली मध्यमवर्गातून, आमच्यासारख्या गावांतून. बँका घरासाठी कमी व्याजाने कर्ज देत. मुंबईत घर परवडत नसे, म्हणून दादासारखे कितीतरी जण अंबरनाथ-बदलापूरला सोसायट्या करून राहिले. बदलापूर व्हीटीपासून सुमारे ६८ किलोमीटर. जायला-यायला मिळून साडेतीन-चार तास.

पण त्या गाडीतही एक बँकच भरायची म्हणा ना. आमच्या दादाचा ग्रुप ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या खिडकीशी. कोणी पत्ते कुटायचे, कोणी भजनं म्हणायचे. दसऱ्याच्या आधी डब्याला झेंडूच्या माळा लागायच्या. युनियनचं परिपत्रक आलं की ते कुर्ल्यापर्यंत वाचून, घाटकोपरपर्यंत त्यावर भांडून व्हायचं. दादाने सीएआयआयबी या बँकांच्या परीक्षेचा अभ्यास याच गाडीत केला. त्या परीक्षेने जादा पगारवाढ मिळत असे. मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल आणि शेजारी टाळ. तरी तो पास झाला!

बँकेतलं काम तेव्हा हातांचं होतं. लोखंडी जाळीमागे कॅशियर. चेक दिला की पितळी टोकन मिळायचं. टोकनाचा नंबर पुकारेपर्यंत बाकावर बसायचं. आत एवढाली लेजरं, त्यात सुवाच्य अक्षरात नोंदी. ३० जून आणि ३१ डिसेंबर म्हणजे क्लोजिंग. सगळं जग नव्या वर्षाच्या स्वागतात, आणि दादा व्याजाचे आकडे मांडत रात्री उशिरापर्यंत बँकेत. पुढे बँकांचं हिशेबाचं वर्ष बदललं आणि १९८९ पासून ३१ मार्चचं क्लोजिंग आलं. क्लोजिंगच्या रात्री बँकेकडून जेवण असे, आणि साहेब, कारकून, शिपाई एकाच टेबलावर जेवत. हे दादा अजून अभिमानाने सांगतो.

मधली काही वर्षं दादाची बदली उल्हासनगरच्या शाखेत झाली होती. घराजवळ म्हणून आम्ही आनंदलो. पण तिथलं काम फोर्टपेक्षा जड. शिकारपूरच्या सिंधी सावकारांच्या हुंड्या एके काळी मध्य आशियापर्यंत चालत, अशी या व्यापारी समाजाची परंपरा. सकाळी शटर वर गेलं की पिशव्या भरभरून रोकड. नोटांच्या गड्ड्यांना पिना मारलेल्या असत. त्या काढता काढता कॅशियरची बोटं सोलायची. (नोटांना पिना मारणं रिझर्व्ह बँकेने २००१ साली बंद करवलं, हे त्या बोटांवर मोठे उपकार.) दादा तिथे कामापुरतं सिंधी शिकला. तिथले व्यापारी त्याला "साईं" म्हणत. दिवाळीत मिठाईचे डबे येत, ते सगळ्या स्टाफमध्ये वाटले जात.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर म्हणाल, भावाची बाजू घेते.

त्या काळात बँकेत ग्राहक म्हणून गेलेल्या माणसाला विचारा. "जेवणाची वेळ आहे", "हे काउंटर नाही, ते", "उद्या या" हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. मलाही एका शाखेत प्रॉव्हिडंट फंडाच्या एका कागदासाठी चार हेलपाटे पडले होते. आत चहा चाललेला दिसत होता. नियमांनी माणसाला साहेबाच्या मर्जीतून सोडवलं, पण काहींनी त्याच नियमांची ढाल करून काम टाळलं. हेही खरं. दादालाही ते आवडत नसे. "यांच्यामुळे आपली मान खाली जाते," असं तो म्हणायचा. पण युनियनच्या मीटिंगमध्ये हे बोलणं सोपं नव्हतं.

दुसरी गोष्ट प्रमोशनची. दादाला दोनदा प्रमोशन मिळत होतं, त्याने दोन्ही वेळा नको म्हटलं. प्रमोशन म्हणजे ऑफिसर आणि ऑफिसर म्हणजे बदली, कदाचित दुसऱ्या राज्यात. घराचे हप्ते, मुलांच्या शाळा, आई-वडिलांची दुखणी, हे सगळं बदलापुरात. त्याच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी असंच केलं. हुशार माणसं पस्तीस वर्षं एकाच खुर्चीत राहिली. बँकेचं नुकसान झालं का? झालं असेल. पण या लोकांना संध्याकाळ होती. कोणी नाटकात काम करी, कोणी ग्रंथालय चालवी, कोणी सोसायटीचे हिशेब बघे. अशोक सराफ काही वर्षं स्टेट बँकेत नोकरी करून रंगभूमीवर काम करत होते, अजित वाडेकर स्टेट बँकेतच होते. एवढे मोठे नसले तरी प्रत्येक गावात असे लोक होते, आणि आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं नेपथ्य वर्षानुवर्षं दोन बँकवाले करत.

मग कॉम्प्युटर आला. १९८३ साली बँका आणि संघटनांत यंत्रं वापरण्याबद्दल पहिला करार झाला, १९८७ ला दुसरा, १९९३ ला आणखी एक. यंत्र आणायचं तेही किती, कुठे, कोणत्या कामाला, हे बोलून ठरवायचं, असा तो जमाना. युनियनने कॉम्प्युटर अडवला म्हणून आज लोक हसतात. पण त्या करारांमुळे दादाच्या शाखेत यंत्र आलं तेव्हा कोणाची नोकरी गेली नाही, ही गोष्ट हसणाऱ्यांना ठाऊक नसते. दादाचं अक्षर मोत्यासारखं. लेजर बंद झाल्यावर तो थोडा उदास झाला होता, पण पन्नाशीत टायपिंग शिकला.

१९९३-९४ नंतर नव्या खासगी बँकांना परवाने मिळाले. चकचकीत शाखा, एसी, एटीएम. सरकारी बँकांत माणसं जास्त झाली असं ठरलं, आणि २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. देशभरात सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी ती घेतली. आमचा दादाही त्यात होता, वय पंचावन्न. पैसे बरे मिळाले. पण पहिले सहा महिने तो सकाळी सातला बूट घालून तयार व्हायचा आणि मग आठवण झाल्यावर काढायचा. त्याच्या जागी नवीन कोणी आलं नाही. पूर्वी दोघं करायचे ते काम उरलेला एकटा करू लागला.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा बँकेतल्या माणसांनी काय सोसलं, ते आपण रांगेत उभं राहून पाहिलं. ८ तारखेला घोषणा झाली, आणि १२ आणि १३ तारखेचे शनिवार-रविवारही बँका उघड्या होत्या. सत्तरीचा दादा पैसे काढायला गेला, आणि तासाभराने मी बघते तो दाराशी बसून लोकांचे फॉर्म भरून देत होता.

आता नातीकडे येते.

ती २०१९ साली बी.कॉम. होऊन एका खासगी बँकेत लागली. (कोणत्या ते लिहीत नाही. आणि दुसरीकडे फार वेगळं आहे असंही नाही.) हुद्दा ऐकून आम्ही चाट पडलो. बाविसाव्या वर्षी मॅनेजर! दादाने पेढे वाटले. नंतर कळलं की तिच्या हाताखाली कोणीच नाही. शाखेत सगळेच कुठले ना कुठले मॅनेजर. कामगार कायद्यात 'कामगार' कोण याची व्याख्या असते, आणि देखरेख किंवा व्यवस्थापन करणारा त्यातून बाहेर राहतो. नुसत्या नावाने कोणी मॅनेजर होत नाही, खरं काम काय ते बघायचं, असं कोर्टं सांगत आली आहेत. पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं. बाविशीची मुलगी कशाला जाते? युनियन नाही, जादा तासांचे पैसे नाहीत, आणि सुटायची वेळ काकांच्या बँकेसारखीच, काम संपेल तेव्हा.

२०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद होत्या. राष्ट्रीयीकृत बँकांच्या लोकांना १ जुलैपासून लोकलची परवानगी मिळाली, खासगी आणि सहकारी बँकांच्या लोकांना आणखी थांबावं लागलं. ही मुलगी बदलापूरहून बस बदलत ठाण्याच्या शाखेत जायची. दोन्ही वेळचे मिळून पाच तास. आम्हाला वाटलं, कठीण काळ आहे, जाईल. तो गेलाही. पण टार्गेट गेलं नाही.

टार्गेट म्हणजे काय ते मला हळूहळू समजलं. महिन्याला इतकी खाती, इतके विम्याचे हप्ते, इतकी क्रेडिट कार्डं, इतके म्युच्युअल फंड. सकाळी साडेनऊला मीटिंग, "आज किती देणार?" दुपारी ग्रुपवर मेसेज, "किती झाले?" रात्री साडेआठला पुन्हा सगळ्यांचा एकत्र कॉल. ज्याचे आकडे कमी, त्याला बाकीच्यांच्या समोर बोलायचं. "घरी बसा", "उद्या राजीनामा टाका" अशी भाषा. जून २०२३ मध्ये कोलकात्यातल्या एका बँक अधिकाऱ्याचा असाच ऑनलाइन मीटिंगमधला व्हिडिओ देशभर फिरला आणि त्याला निलंबित केलं गेलं, ते तुम्हीही पाहिलं असेल. लोकांना धक्का बसला. दादाची नात शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे रोजचं आहे हे."

एका रविवारी ती माझ्याकडे आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आत्याआजी, तुझी एफडी मोडून एक पॉलिसी घेतेस का?" वर्षाला एक लाख, पाच वर्षं भरायचे. मी पंचाहत्तरीला आलेली! मी तिला विचारलं, "तुझ्या आईला तू ही पॉलिसी घ्यायला सांगशील का?" ती काही बोलली नाही. मग रडायला लागली. महिनाअखेर होती आणि तिचे तीन हप्ते कमी पडत होते. नात्यातल्या, ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं होतं. ज्या म्हाताऱ्या खातेदारांना ती रोज "या काका" म्हणायची, त्यांनाच तिने अशा पॉलिसी दिल्या होत्या, आणि आता ते आले की तिला काउंटरखाली लपावंसं वाटे.

मी पॉलिसी घेतली नाही. पण त्या दिवशी मला या सगळ्या इतिहासाचं सार कळलं, आणि तेच मला नातेवाइकांना सांगायचं आहे. कर्मचाऱ्याच्या मानाचा प्रश्न हा ग्राहकाच्या पैशांचाही प्रश्न असतो. दादाच्या काळात कारकून कधी उद्धट वागला असेल, पण त्याला नको असलेली गोष्ट माझ्या गळ्यात मारायचं कारणच नव्हतं. त्याची नोकरी माझ्या एफडीवर टिकलेली नव्हती. "हे चुकीचं आहे, मी करणार नाही" असं साहेबाला म्हणायची ताकद त्याला परिच्छेद ५२१ ने दिली होती. या मुलीकडे ती नाही. म्हणून वरून आलेला दाब तिच्यातून थेट माझ्यापर्यंत पोचला. बँकांकडून होणाऱ्या चुकीच्या विमाविक्रीबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द अर्थमंत्र्यांना मुंबईत बँकवाल्यांसमोर बोलावं लागलं. तो विमा विकणाऱ्या टेबलामागे कोण बसलेलं असतं आणि त्याच्या मागे कोण उभं असतं, हे मात्र फार कोणी बोललं नाही.

आणि ही एकटी नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या अहवालात दिलं आहे की खासगी बँकांतल्या कर्मचाऱ्यांची संख्या आता सरकारी बँकांपेक्षा जास्त झाली आहे, आणि त्यांतून नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण वर्षाला सुमारे पंचवीस टक्के आहे. म्हणजे चारातला एक जातो. मग "कोणी सोडतं का?" या प्रश्नाला काय अर्थ उरला? सरकारी बँकांतही सगळं आलबेल नाही. तिथेही विम्याची टार्गेटं पोचली आहेत, माणसं कमी आहेत, आणि २०१९-२० च्या विलीनीकरणांत देना, सिंडिकेट, आंध्रा अशा नावांबरोबर कित्येक शाखाही गेल्या. पण तिथे निदान लेखी नियम आहे, आणि कोणाकडे जायचं ते माहीत आहे.

राजीनाम्याची बातमी ऐकून पहिला विरोध दादानेच केला होता. "आम्ही पस्तीस वर्षं काढली," वगैरे. दोघांचं चांगलंच वाजलं. मग एके दिवशी तिने त्याला आपला फोन दिला आणि म्हणाली, "आजोबा, आठवड्याभराचे मेसेज वाचा." तो चष्मा लावून अर्धा तास वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "हे तर काकांच्या वेळचं आहे." त्यानंतर त्याने विरोध केला नाही. आता नोटिशीचे महिने संपले आहेत आणि ती परीक्षांचा अभ्यास करते आहे. यश येईल न येईल. जागा थोड्या आणि अर्ज लाखांनी, हे तिला माहीत आहे. पण ती रात्री झोपते आहे, एवढं मी पाहते.

तेव्हा मंडळी, भेटलात तर तिला "का सोडली?" विचारू नका. "काय सोसलं?" असं विचारा, ती सांगेल.

आणि एक विनंती. तुमच्या घरात बँकेत, एलआयसीत, पतपेढीत काम केलेलं कोणी असेल तर त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा. पहिला पगार किती, साहेब कसा, संप केव्हा केला, बदली कुठे झाली, क्लोजिंगच्या रात्री काय जेवलात. दादाने ट्रंकेतून पिवळी पडलेली करारांची पुस्तकं काढून दिली आहेत, ती मी आता वाचते आहे. काही ठिकाणी समासात त्याने पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. त्या कशाच्या ते आता त्याला आठवत नाही. आणखी दहा वर्षांनी सांगणारं कोणीच उरणार नाही.